एवारिस्तोचे टायर

मिर्ताच्या डोक्यावर साबणाचा भरघोस फेस झाला आणि नेमकं तेव्हाच पाणी गेलं. तिनं नळी हलवली, आपटली, फुंकून पाहिली. नळीनं एक उचकी दिली आणि गप्प बसली.

"म्हाताऱ्या, पाणी गेलं."

पडद्याआडून एक डोळा उघडून तिनं गाडीत पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी. समोर माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचं भांडं, त्यात ओढायची नळी खोचलेली, आणि शेजारी त्याचा फोन. म्हणजे एवारिस्तो पुन्हा टायर बघायला गेला होता.

सकाळीच पंपावर पंधरा लिटरची टाकी काठोकाठ भरली होती. त्यानंतर दोघांनी दात घासले आणि दोनदा माते घेतला. पंधरा लिटर दात घासण्यात संपवायला पाणघोडा लागतो.

बाइया ब्लान्काहून निघाल्याला आज चौथा दिवस. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला काहीच नाही, आणि मधोमध हे दोघं, ताशी साठच्या वेगानं. टायरची पीडा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली होती. "पुढचा डावा जरा मऊ लागतोय," असं म्हणायचं, गाडी कडेला घ्यायची, टॉवेलात काहीतरी गुंडाळून पसार व्हायचं, आणि दहा मिनिटांनी गुडघ्यांना धूळ लावून परत यायचं. काल तिनं विचारलं होतं, "मी येऊ का मदतीला?"

"तू कशाला येतेस म्हातारे? माते कर."

टायर बघायला गाडीपासून शंभर पावलं लांब कोण जातं? मिर्ताला आधी संशय आला तो ग्रासिएलाचा. त्याच्याच शाळेतली भूगोलाची मास्तरीण, तीन वर्षांमागे विधवा झालेली, आणि तेव्हापासून केस लाल केलेली. फोन करायला जात असेल तिला. पण फोन तर हा इथं पडलाय. मग गुडघे कशाला टेकतो? आणि पाणी कुणाला पाजतो?

तसं बघितलं तर लपवाछपवीवर बोलायला मिर्तालाही तोंड नव्हतं. निघायच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलातून पाकीट आलं होतं. छातीत गाठ आहे, तुकडा काढून तपासायचा, तारीख पुढच्या महिन्याची. सांगितलं असतं तर त्यानं सहल जागच्या जागी मोडली असती, आणि या सहलीची वाट ती एकतीस वर्षं बघत होती. परत गेल्यावर सांगू, असं ठरवून तिनं पाकीट आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, संत रीताच्या पानात ठेवून दिलं. एवारिस्तो भौतिकशास्त्राचा मास्तर. लग्नसुद्धा चर्चमध्ये करायला तयार नव्हता. त्या पुस्तकाला हात लावण्यापेक्षा त्यानं विंचू उचलला असता.

पण पहिल्याच दिवशी गाडीतली शेगडी डुगडुगायला लागली, आणि मिर्ता अंडी आणायला गेली तेवढ्यात त्यानं ते पुस्तक शेगडीखाली सरकवलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगाला आलं," वर म्हणाला.

तिनं ते हिसकावून घेतलं आणि उघडलं. पाकीट आतच होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि आता हे. दोन दिवस तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: याचं बाहेर काही असेल, तर याला सांगायचंच कशाला? एकटीनं जाऊ, एकटीनं येऊ.

दारावर थाप पडली. मिर्तानं अंगाला झगा गुंडाळला आणि दार उघडलं. बाहेर एक जाडजूड बाई टोपली घेऊन उभी होती.

"सहा गोड पाव द्या. ताजे."

"बाई, ही पावाची गाडी नाही."

"मग हे काय आहे?" बाईनं गाडीवरच्या हसऱ्या पावाच्या चित्रावर बोट ठेवलं.

गाडी मिर्ताच्या भावाची. त्यानं बेकरी बंद केली, आत पलंग आणि शेगडी बसवली, आणि रंगाला कंटाळून चित्र तसंच ठेवलं. चार दिवसांत अकरा जणांनी पाव मागितला होता.

"ते जुनं चित्र आहे."

"वासही येतोय पावाचा," बाई म्हणाली. मिर्ताच्या डोक्यावरच्या फेसाकडे तिनं नीट बघितलं. "नाही द्यायचा तर नाही म्हणा. डोक्यावर अंडी फेटताय, आणि म्हणे बेकरी नाही."

बाई पुटपुटत गेली. मिर्तानं त्याच थाटात पायात नवऱ्याचे बूट चढवले आणि ती निघाली. वाऱ्यानं फेसाचे गोळे उडत होते. काटेरी झुडपांतून एक ग्वानाको मान उंच करून तिच्याकडे बघत राहिला. उंटाच्या जातीतला प्राणी, पण असलं ध्यान त्यानंही पाहिलं नसावं.

टेकाडामागून आवाज आला. ती झुडपाआड वाकली.

विटांची छोटी देवळी होती, या रस्त्याच्या कडेनं जागोजागी असते तशी. भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, झिजलेले टायर, गाड्यांच्या पाट्या. आत दिफुन्ता कोर्रेआ, नवऱ्याच्या शोधात वाळवंटात निघालेली आणि तहानेनं मेलेली बाई. तिच्या छातीशी पिणारं तान्हं मात्र जगलं. म्हणून लोक तिला नवस बोलतात आणि पाणी वाहतात. ट्रकवाले वाहतात, बायाबापड्या वाहतात. भौतिकशास्त्राचे मास्तर वाहत नाहीत.

एवारिस्तो गुडघ्यांवर बसून टॉवेलातून बाटली सोडवत होता.

"हे बघा बाई," तो वर्गात बोलायचा तसा बोलत होता, "माझा तुमच्यावर विश्वास नाही, हे मी पहिल्याच बाटलीला सांगितलंय. तरी एकवीस बोललोय तर एकवीस देणार. ही नववी. दोन लिटरची आहे, मोजून घ्या." त्यानं बाटली ठेवली, ती कलंडली, त्यानं पुन्हा नीट उभी केली. "गाठ साधी निघू दे. आणि मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. सांगेल तेव्हा सांगेल ती. तिची सहल आहे."

मिर्ता आली तशी मागे फिरली. गाडीत येऊन तिनं उशीखालचं पुस्तक उघडलं. संत रीताच्या पानात काहीच नव्हतं. पाकीट शेवटच्या कोऱ्या पानाशी होतं, कडेला कड लावून, अगदी काटकोनात. त्या दिवशी ते असल्याच्या आनंदात कुठल्या पानात आहे ते बघायचं राहून गेलं होतं.

तिनं पुस्तक शेगडीखाली सरकवलं. पाकिटाचा कोपरा बाहेर राहिला, तो तिनं तसाच राहू दिला. वर किटली ठेवली. किटली हलली नाही.

एवारिस्तो आला. गुडघ्यांना धूळ.

"पुढचा डावाच आहे," तो म्हणाला. "पण जाईल अजून." मग त्याचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं. "हे काय?"

"पाणी संपलं."

"टाकी गळत असेल."

"असेल."

तिनं माते भरून त्याच्या हातात दिला. तो एक घोट ओढून थांबला. त्याची नजर शेगडीखाली गेली होती.

"किती टायर बघायचे राहिलेत अजून?" मिर्तानं विचारलं.

त्यानं माते शेवटपर्यंत ओढला, नळी खुळखुळेपर्यंत. भांडं तिच्याकडे परत दिलं.

"बारा," तो म्हणाला.

"मग पंपावर टाकी काठोकाठ भर," मिर्ता म्हणाली. "आणि माझ्या केसांपुरतं ठेव."