निळ्या जागेतला ठिपका

मित्रांनो, मी कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा आहे. चाकूरजवळच्या एका शाळेत, कपाटामागे गुंडाळून उभा आहे.

माझ्यावर समुद्रकाठचं एक उपनगर आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी, मध्ये टेकड्यांची रांग आणि तिच्या पायथ्याने जाणारा रेल्वेमार्ग. लोकसंख्या ठिपक्यांनी दाखवली आहे. एक ठिपका म्हणजे हजार माणसं. रेल्वेमार्गालगत ठिपके इतके दाट, की एकमेकांना चिकटलेले. खाडीकाठची दलदल मात्र निळी आणि रिकामी.

समुद्र इथून फार दूर. तरी भूगोलाच्या महामायाबाईंनी मला मुद्दाम आणलं, कारण वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील याच उपनगरात बांधकामावर होते. मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावर बोट फिरवून आपापली माणसं शोधत. माझ्या कडा मळल्या, पण मला ते आवडायचं. विशाखाला मात्र आपले बाबा कुठे राहतात ते सापडत नव्हतं.

जयंतीसाठी तिचे वडील, लिंबाजी, गावी आले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना शाळेत घेऊन आली. त्यांनी रेल्वेमार्गावरून बोट उत्तरेला नेलं आणि थेट निळ्या भागात टेकवलं.

"तुझा बाप मासा हाय का गं?" मागून रुद्रेश म्हणाला. वर्ग हसला.

लिंबाजीही हसले. "मासा असतो तर बरं झालं असतं, लेका. लातूरला टँकर, अन् तिथं पाण्यात राहून बी टँकरच." मग बाईंना म्हणाले, "भराव टाकलाय, बाई. त्याच्यावर पत्र्याची घरं हायेत. मोठी भरती आली की पाणी चुलीपर्यंत येतंय."

"किती माणसं असतील?"

"हजार तर सहज."

बाईंनी विशाखाच्या हातात लाल पेन्सिल दिली. "हजार म्हणजे एक ठिपका. काढ."

तिने जपून काढला. "आता नकाशा बरोबर झाला," बाई म्हणाल्या. त्यानंतर विशाखा रोज वर्गात आली की आधी त्या ठिपक्याला बोट लावायची, मग दप्तर ठेवायची.

महिना संपायच्या आत तपासणीचे साहेब आले. माझ्यापुढे थांबले. "हा डाग कसला?"

विशाखा पहिल्या बाकावर होती. ती बाईंकडे बघत होती. मीही बाईंच्या उत्तराची वाट पाहत होतो.

"पोरींनी खराब केलाय, साहेब. पुसून घेते."

साहेब गेल्यावर बाईंनी खोडरबर तिच्याच हातात दिलं. "पूस, बाळा. साहेबांकडेच नवा नकाशा मागितलाय, उगीच अडायला नको."

"पण बाई, तुम्हीच म्हणलात, बरोबर झाला म्हणून."

"पूस."

ती घासत राहिली. लाल गेला. खालचा निळा कागदही गेला.

नवा नकाशा आला. तो चकचकीत आहे, आणि त्यातही खाडीकाठ रिकामाच आहे. विशाखा त्याच्याजवळ जात नाही.

मित्रांनो, नकाशे जुने होतात, त्याचं मला दुःख नाही. ज्या तोंडाने मला बरोबर म्हटलं, त्याच तोंडाने खराब म्हटलं, ते मला विसरता येत नाही. नकाशाची काळजी म्हणजे नुसती धूळ झटकणं नव्हे. त्यावर राहणारं माणूस कुणी पुसायला सांगितलं, तर हात मागे घ्या. कधी मला उलगडलंत, तर खाडीकाठी पाहा. तिथे आता पाणीही नाही आणि वस्तीही नाही. बोटाएवढं पांढरं कापड तेवढं दिसतं.