क्लॅपच्या आधीचा सज्जन

सिनेमातला खुनी लोकांना मनातून आवडतो, असं कात्रीचं ठाम मत होतं. खुनी रुबाबात चालतो, त्याच्या वाट्याला चांगले संवाद येतात, आणि तो मेला की चार बायका हळहळतात. लोकांच्या डोक्यात जातो तो वेगळाच. वेटरला चुटकी वाजवून बोलावणारा. पाहुणा म्हणून येऊन यजमानाच्या पडद्यांना नावं ठेवणारा. समोरचा रडत असताना घड्याळ बघणारा. तो मेला तर थिएटरात शिट्ट्या पडतात, आणि नाही मेला तर लोक घरी जाऊन दोन दिवस त्याला शिव्या घालतात. एकोणीस वर्षं सिनेमे जोडून तिला एवढं शहाणपण आलं होतं. ते कधी घरच्या कामाला येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

कात्री हे तिला धंद्यातल्या लोकांनी दिलेलं नाव. ती एडिटर होती. स्टुडिओच्या जिन्याखालची बिनखिडकीची खोली, दोन पडदे आणि एक चाक अडणारी खुर्ची, एवढं तिचं राज्य. तिचे बाबा मेकअपमन. त्यांना सगळे रंगकाका म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी नायकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकली, नायिकांची कपाळं रुंद-अरुंद केली, आणि कुणाचं खरं वय काय, कुणाचे केस किती खरे, हे कधी बाहेर बोलले नाहीत.

आणि तिसरा सज्जन. तीस वर्षं त्याने पडद्यावर प्रामाणिक मास्तर, प्रेमळ डॉक्टर आणि कधीही न चिडणारे थोरले भाऊ केले, म्हणून लोक त्याला सज्जन म्हणत. धंद्यातले लोकही सज्जनच म्हणत, फक्त म्हणताना तोंड वेगळं करत. कात्रीची आई त्याची भक्त होती. "बघा, बायकोला कशी खुर्ची ओढून देतो!" असं ती टीव्हीकडे बोट दाखवून रंगकाकांना सुनवायची. रंगकाका नुसती मान हलवायचे. सज्जन खुर्ची कशी ओढतो ते त्यांनी जवळून पाहिलं होतं, पण ते घरातही बोलत नसत.

आठ महिन्यांपूर्वी एका शूटिंगला, शेवटचा हात फिरवताना, पावडरचा पफ सज्जनच्या डोळ्यात गेला. त्याने सत्तर माणसांसमोर रंगकाकांच्या हातावर फटका मारला. पफ उडून दिव्यांच्या पायाशी जाऊन पडला. "थेरड्या, हात थरथरतो तुझा," तो म्हणाला. "घरी बस." रंगकाकांनी वाकून पफ उचलला, डबी बंद केली, आणि ते खरंच घरी बसले.

आठवडाभरात धंद्यात बोभाटा झाला. बिचाऱ्या रंगकाकांचे हात थरथरतात आता. कामाचे फोन यायचे बंद झाले. कात्रीच्या जिवाला लागलं ते मात्र दुसरंच. बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. ज्या माणसाने घरातलं प्रत्येक बटण स्वतः शिवलं, तो आईकडून सुई ओवून घ्यायला लागला. "वय झालं गं," ते म्हणायचे, "चूक माझीच. हात थरथरला." आई टीव्हीवर सज्जन दिसला की रिमोट असा दाबायची, जसा काही त्याचा गळाच हाताशी आलाय.

याचं उट्टं काढायचं, एवढं कात्रीने मनाशी पक्कं केलं. कसं, ते ठाऊक नव्हतं. मग तोच सिनेमा जोडायला तिच्या टेबलावर आला.

दिग्दर्शक भला माणूस, पण सज्जनपुढे त्याचा आवाज बसायचा. गोष्ट साधी होती. नोकरी गेलेला धाकटा भाऊ थोरल्याकडे राहायला येतो. थोरला म्हणजे सज्जन. कागदावर तो वरून कडक आणि आतून मायाळू होता. पडद्यावर तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसत होता. तीस वर्षं माया करून करून त्याला कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा प्रत्येक शॉटमध्ये उभा होता.

पण सज्जनने स्वतःच एक दंडक घालून ठेवला होता. "मी खुर्चीत बसलो की कॅमेरा चालू पाहिजे. माझा मूड लागणार आणि तुम्ही बटणं शोधत बसणार, हे चालायचं नाही." त्यामुळे क्लॅपची पाटी वाजून शॉट सुरू व्हायच्या आधीची तीन-चार मिनिटं दरवेळी चित्रित झालेली असायची. तो उठेपर्यंत 'कट' म्हणायची कुणाची टाप नव्हती, म्हणून नंतरचीही. एडिटर हे सगळं न बघताच बाजूला सारतात. कात्रीनेही सारलं असतं. पण तिला बाबांचा दिवस बघायचा होता.

बाराव्या दिवसाचे शॉट तिने सगळ्यात आधी उघडले. भाषणाला निघण्यापूर्वी थोरला भाऊ आरशासमोर बसतो, असा प्रसंग होता. सज्जन बसला होता, आणि कडेने बाबांचा हात आत येत होता. फटक्याचा आवाज आला तसा तिने पडदा बंद केला. तो शॉट पुन्हा लावायची तिची छाती झाली नाही. त्याला तिने 'नको' असं नाव दिलं आणि ठेवून दिला.

पण त्या फटक्याआधीची चार मिनिटं तिने पाहिली होती, आणि त्यात कंटाळ्याचा मागमूस नव्हता. क्लॅपच्या आधीचा सज्जन चांगला जिवंत होता. तिने सगळ्या दिवसांच्या सगळ्या शॉटची पुढची-मागची शेपटं काढली आणि कामाला लागली.

धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, कुठेच काम मिळत नाहीये." कात्रीने पुढे लावलं: सज्जन दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढून उजेडात धरून बघतोय. वहिनी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडते. कात्रीने लावलं: सज्जन मान वर न करता चुटकी वाजवतो, हात पसरतो, पाणी पितो आणि ग्लास हवेत सोडून देतो, घेणाऱ्याने झेलला तर झेलला. वायरीत पाय अडकून एक लाइटवाला पडला होता, तेव्हा सज्जन पोट धरून हसला होता. ते हसू तिने धाकट्याची मुलाखत फसल्याच्या बातमीनंतर बसवलं. चपखल बसलं. दात-ओठ खात ती जोडत होती आणि मधेच खुदकन हसत होती. सूड इतका गोड लागतो हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

दिग्दर्शकाने बघितलं आणि तो तोंडाचा आ करून बसला.

"हे मी कधी शूट केलं?"

"तुम्हीच केलंत. तुम्ही तेव्हा क्लॅपची वाट बघत होतात."

तो हसला, मग त्याने दाराकडे बघून घेतलं. "आणि त्यांना कळलं तर?"

"ते स्वतःचा सिनेमा आधी बघतात कधी?"

बघत नसे. मायबाप प्रेक्षकांच्या मांडीला मांडी लावूनच मी माझा सिनेमा बघतो, असं सज्जन दर मुलाखतीत सांगायचा.

"मग बघू देत की," दिग्दर्शक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपला सिनेमा चालेल असं वाटत होतं. "फक्त भाषणाच्या आधी काहीतरी कमी पडतंय, कात्रीबाई. तिथे लोकांना उठून याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली पाहिजे."

ती वस्तू कात्रीकडे होती. 'नको' नावाने ठेवलेली. आरशासमोरचा थोरला भाऊ, कडेने येणारा, बघणाऱ्याला न्हाव्याचा वाटेल असा बाबांचा हात, आणि फटका. हा शॉट लावला की सज्जन संपला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की सत्तर माणसांसमोर झालेला बाबांचा अपमान ती स्वतःच्या हाताने गावोगावच्या थिएटरांत, रोज चार खेळ, मांडणार होती. चेहरा नव्हता, नुसता हात होता. पण धंद्यातल्या कुणीही तो हात ओळखला असता. तीन दिवस ती नुसती खुर्ची पुढे-मागे करत बसली. चौथ्या दिवशी दुपारी तिने बाबांना बोलावून घेतलं.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर हा शॉट मी पुसून टाकीन," ती म्हणाली. "सूड गेला खड्ड्यात."

रंगकाका खुर्चीच्या कडेवर टेकले. शॉट लागला. फटका वाजला तेव्हा कात्रीने मान फिरवली.

"परत लाव," बाबा म्हणाले.

तिने लावला.

"परत."

पाचव्या वेळी ते उठून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. "आवाज बंद कर. हळू चालव. आणखी हळू. थांब! इथे थांब. बघ."

"काय बघू?"

"माझा हात बघ."

कात्रीने बघितलं. आधी एकदाच पाहिलं तेव्हा तिचे डोळे सज्जनच्या तोंडावर होते, हाताकडे तिने बघितलंच नव्हतं. हात कपाळावरून खाली येत होता, पफ दोन बोटांत अलगद धरलेला, छत्तीस वर्षांच्या सवयीने, एका चालीत. तसूभरही हलत नव्हता. हलला होता सज्जन. तो मांडीवरच्या फोनमध्ये बघत होता, कुणावर तरी खेकसायला त्याने झटक्यात मान वळवली, आणि स्वतःचाच डोळा नेऊन पफवर आपटला.

"नाही थरथरला," बाबा पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "नाही थरथरला गं माझा हात! त्याची मान हलली!" आणि छत्तीस वर्षं तोंड बंद ठेवलेल्या त्या माणसाने सज्जनला अशी एक शिवी हासडली की कात्रीने उठून दार लावून घेतलं.

दार लावता लावता तिलाच रडू फुटलं. खरंच थरथरला का हो, असं आठ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. तिने नाही, आईने नाही. सगळ्यांनी, खुद्द बाबांनीसुद्धा, त्या हलकटाचा शब्द खरा मानला होता.

"लाव हा शॉट," डोळे पुसत बाबा म्हणाले. "पण घाई करू नकोस. हात आत येतो तिथपासून दाखव. लोकांना नीट दिसू दे."

पहिला खेळ दुपारचा होता. सज्जन मधल्या रांगेत, बायकोला शेजारी घेऊन, चहूकडे हात हलवत बसला. शेवटच्या रांगेत कात्री, आई आणि बाबा. दहा मिनिटांत हशा पिकला. चुटकी वाजली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "ऊठ की लेका, घे स्वतःच्या हाताने!" मध्यंतरात बाहेरच्या गर्दीत कात्रीच्या कानावर सज्जनच्या बायकोचं बोलणं पडलं. कुणीतरी नवऱ्याच्या अभिनयाचं कौतुक करत होतं, आणि ती म्हणत होती, "छे हो, अभिनय कसला? घरी असेच तर असतात." बोलताना तिला हसू आवरत नव्हतं.

मग आरसा आला. अख्ख्या पडद्यावर बाबांचा हात आला, सावकाश, स्थिर. फटका वाजला. "थेरड्या, हात थरथरतो तुझा. घरी बस."

"मेल्या, तुझाच हात झडो!"

हा आवाज आईचा होता. पण तिच्या मागोमाग आणखी वीस-पंचवीस जणी ओरडल्या, पुरुषांनी खुर्च्यांवर हात आपटले. कात्रीला मागून सज्जनचे फक्त कान दिसत होते. पडद्याच्या उजेडातही ते लालबुंद झालेले कळत होते. तो उठायला लागला तशी बायकोने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. "बसा ना. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला.

"ते मी केलेलं नाही," नमस्कार-चमत्कार काही न करता तो म्हणाला.

"पडद्यावर तर तुम्हीच दिसता."

"अगं बाई, ते क्लॅपच्या आधीचं आहे! तो अभिनय नव्हताच!"

"मग सांगा ना लोकांना तसं," कात्री म्हणाली. "मी कुठे अडवलंय?"

त्याने फोन आपटला.

सांगणार काय आणि कुणाला? पेपरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. सिनेमातल्या सगळ्यात नकोशा माणसांच्या याद्या निघाल्या, त्यात त्याचा थोरला भाऊ पहिला. वर्षअखेर बक्षीस मिळालं, तेव्हा स्टेजवर उभं राहून त्याला हात जोडून म्हणावं लागलं की अशा माणसांचं मी फार निरीक्षण केलं. रस्त्यात लोक त्याला बघून 'घरी बस, घरी बस' असं ओरडत. पुढे भूमिका आल्या त्या सगळ्या तसल्याच. आणि गंमत अशी की क्लॅप वाजला की त्याला ते जमेना. "तसं करा ना साहेब, त्या आरशातल्यासारखं," दिग्दर्शक गयावया करायचे, आणि समोर पुन्हा भिजलेला पुठ्ठा.

धंद्यातल्या लोकांनी पडद्यावरचा तो स्थिर हात बरोबर ओळखला होता, आणि रंगकाकांना आता सुट्टी मिळायची मारामार होती. अशाच एका मोकळ्या दुपारी ते कोटाचं तुटलेलं बटण शिवायला बसले होते. शेजारी चहाचा रिकामा कप होता. फोन वाजला. सज्जनच्या नव्या सिनेमाचा दिग्दर्शक बोलत होता. फोनमधला त्याचा मोठा आवाज कात्रीला दारातही ऐकू येत होता.

"रंगकाका, तुम्हीच या. तुमचा हात समोर असला की त्यांना ते जमेल, असं वाटतंय. खुद्द त्यांनीच सांगितलंय. विनंती केलीय म्हणा ना."

रंगकाकांनी फोन कान आणि खांद्यात धरला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवलं.

"त्यांना सांगा," ते शांतपणे म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात थरथरतो. तो घरी बसलाय."