हिरवं बटण

पोर्ट कॅरलच्या टपाल कचेरीत लोर्ना ट्रेम्बाथनं एकतीस वर्षं काढली. गावातला कुठलाही फॉर्म असो, पेन्शनचा, पासपोर्टचा की होडीच्या परवान्याचा, तो तिच्या नजरेखालून जायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोकांची सवय सुटली नव्हती. कागद आला की तो घेऊन लोर्नाकडे जायचं.

म्हणून धक्क्याभोवतीच्या पोहण्याच्या शर्यतीची नोंदणी जेव्हा ऑनलाइन झाली, तेव्हा साठीपुढच्या गटातले अकरा जण आपापली बँकेची कार्डं घेऊन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. हा गट वर्षभर रोज सकाळी सातला समुद्रात उतरायचा. पाणी कितीही गार असो. संगणक म्हटलं की मात्र त्यांना कापरं भरे. जानेवारीतली ती सकाळ लोर्नानं एकामागून एक फॉर्म भरण्यात घालवली. इमेलचा पत्ता सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच घातला, कारण निम्म्यांकडे तो नव्हताच. नोंदणीचे पस्तीस डॉलर गेले की एक पान उघडायचं, त्यावर मोठं हिरवं बटण असायचं. ते दाबलं की ‘अभिनंदन’ असं यायचं. अकरा त्यांचे आणि बारावा स्वतःचा, असं तिनं ते बटण बारा वेळा दाबलं.

मे महिन्यात तिच्या कार्डाचं तीन महिन्यांचं विवरण टपालानं आलं. त्यात एका अनोळखी नावापुढे चौऱ्याण्णव डॉलर पंचाण्णव सेंट होते. तिनं बँकेला फोन केला. बँकेतल्या मुलीनं दुसरा एक नंबर दिला. त्या नंबरावर वीस मिनिटं गाणी ऐकवल्यानंतर एक तरुण बोलायला आला.

“ही तुमची वार्षिक सदस्यता आहे, मॅडम. हॉटेलांत सवलत, सिनेमाला सवलत. पहिले तीस दिवस मोफत होते.”

“मी असलं काही मागितलेलं नाही.”

“तुम्ही होकार दिलाय, मॅडम. चौदा जानेवारी, दहा वाजून बारा मिनिटं. शर्यतीच्या नोंदणीनंतरच्या पानावर.”

“तिथे पुढे जायचं बटण होतं.”

“बटणाखाली लिहिलेलं आहे, मॅडम.”

फोन ठेवून लोर्नानं ते पान पुन्हा उघडून पाहिलं. लिहिलेलं खरोखरच होतं, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. त्याच्याही खाली आणखी बारीक ओळ होती: ‘नको, मला बचत करायची नाही.’ मग तिनं इमेलचा नको असलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. तिथे स्वागताची बारा पत्रं पडली होती. एक तिचं. बाकीची अकरा अकरा जणांच्या नावानं.

मग तिनं कोट चढवला आणि घराबाहेर पडली.

सगळ्यात आधी ती आयल्सा किटोकडे गेली. आयल्सा चौऱ्याऐंशीची, गटात सर्वांत मोठी. ती ओट्याशी उभी राहून पेस्टीच्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंजीच्या, सारणासाठी भाज्या चिरत होती. लोर्नानं उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं.

“ते होय,” आयल्सा म्हणाली. “ते मी मार्चमध्येच पाहिलं.”

“पाहिलंस? मग मला विचारलं का नाहीस?”

“अगं, मला वाटलं, तूच माझ्यासाठी काहीतरी चांगलं घेतलं असशील. विमा-बिमा. तू केलंस म्हणजे बरंच असणार.”

लोर्नाला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मरी पोल्किंगहॉर्न धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ माणूस. तो अंगणात खेकड्यांची जाळी शिवत बसला होता. त्यानं तिचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“माझं रद्द झालंय. एप्रिलमध्येच केलं.”

“एप्रिलमध्ये! आणि कुणाला बोलला नाहीस?”

“काय बोलू? मरी म्हातारा झाला, वाटेल ती बटणं दाबतो, असं? मला वाटलं, मी एकटाच गाढव.”

“बटण तू नाही, मी दाबलं होतं.”

मरीच्या हातातली सुई थांबली. “हे ध्यानातच आलं नाही बघ,” तो म्हणाला. “एप्रिलपासून मी स्वतःलाच शिव्या घालतोय. तुला घालता आल्या असत्या.”

संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांची घरं फिरली. अकरापैकी पाच जणांना तो आकडा दिसला होता. आयल्सासारखं कुणी विश्वासानं गप्प होतं, मरीसारखं कुणी लाजेनं. एक जण म्हणाला, लोर्नाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. बाकीच्यांनी विवरण उघडलंच नव्हतं.

सदस्यता विकणाऱ्या कंपनीचा नियम असा की ज्याचं कार्ड, त्यानंच बोलायचं. म्हणून गुरुवारी सगळे गावच्या सभागृहात जमले. मरीचं काम झालेलं होतं, तरी तो आला. लोर्नानं फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला, आवाज मोठा केला आणि एकेकाला पुढे बसवलं. नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे. शेवटी दर वेळी तोच प्रश्न यायचा: “आपण आम्हाला सोडून का जाताय?”

“अरे बाबा, आम्ही आलो कधी होतो?” मरी मागून ओरडला.

“आणखी दोन महिने मोफत दिले तर राहाल का?” फोनमधल्या मुलीनं आयल्साला विचारलं.

आयल्सानं थोडा विचार केला. “या वयात मी दोन महिन्यांचे वायदे करत नाही, बाळ,” ती म्हणाली. “माझे पैसे परत दे.”

तीन तास लागले. आठ जणांना पैसे परत मिळाले. लोर्ना आणि आणखी दोघांना सांगण्यात आलं की मुदत टळली. ती आठांची का टळली नाही, हे कुणी सांगितलं नाही. मरीनं आपले मागितलेच नव्हते आणि आता मागणारही नव्हता. त्या दोघांचे पैसे लोर्ना स्वतःच्या खिशातून पाकिटात घालून घेऊन गेली. एकानं घेतले. दुसरीनं दार लावून घेतलं आणि आठवडाभर पाण्यात तिच्याशी बोलली नाही. पैशांचा राग नव्हता. पाकीट आणल्याचा राग होता.

शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या समितीवर लोर्ना होती; जूनच्या बैठकीत तिनं राजीनामा दिला. क्लबची अध्यक्ष टेगन, पस्तिशीची, दोन मुलांची आई. तिनं नोंदणीचं संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला लिहून विचारलं होतं की ते पान काढता येईल का. उत्तर आलं, येईल. पण मग क्लबला नोंदणीची सेवा फुकट मिळणार नाही.

“म्हणजे फुकट आपल्याला, आणि भरणा आपल्या माणसांचा,” टेगन म्हणाली. “लोर्ना, हे मी आधी विचारायला हवं होतं. संकेतस्थळ मी निवडलं. राजीनामा द्यायचाच तर आधी मी देते, मग तू दे.”

“तू दिलास तर शर्यत होणार नाही.”

“मग दोघीही गप्प बसू या.”

राजीनामा टेगनच्या वहीत राहिला. पुढे तो कुणी वाचला नाही.

पुढच्या जानेवारीत साठीपुढच्या गटासाठी कागदी फॉर्म आले. बेकरीबाहेर टेबल मांडलं आणि लोर्ना त्यामागे बसली. तिनं एकच अट घातली होती: फॉर्म ज्याचा त्यानं वाचायचा, ज्याचा त्यानं भरायचा. ती पेनाला हात लावणार नव्हती. लोक कुरकुरले. मरी म्हणाला, पोस्टात होतीस तेव्हाही एवढी खडूस नव्हतीस.

आयल्साला चाळीस मिनिटं लागली. चष्मा पुसून-पुसून तिनं मागची बाजूही वाचली, आणि दर दोन ओळींनी विचारत राहिली, “याचा अर्थ काय गं?” लोर्ना अर्थ सांगायची आणि थांबायची. मागे रांग वाढत गेली. ऊन टेबलावर आलं, तशी बेकरीवाल्यानं छत्री आणून लावली. शेवटी सहीच्या जागेशी येऊन आयल्सानं पेन उचललं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.