शेपूट नसलेलं पाणमांजर

भिंगरीच्या शाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिच्या आईला वाटलं, झालं, पुन्हा बडबडीची तक्रार. पोरीला भिंगरी म्हणायचे ते काही उगाच नाही. डोळे उघडले की पाय आणि तोंड एकदम सुरू, आणि दोन्हींना ब्रेक नाही. पण वर्गशिक्षिकेनं टेबलावर एक चित्र सरकवलं आणि म्हणाली, "तीन आठवडे झाले, ती वर्गात बोलत नाहीये. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. घरी बोलते का?"

घरी? भिंगरीची आई गडबडली. खरं सांगायचं तर पोर घरीही गप्पच होती, आणि आईनं त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला होता. डोक्यावर कामाचा डोंगर. सहा वर्षांची लेक शहाणी व्हायला लागली म्हणून बाई खूश! आता हे इथं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"घरी तशी ठीक आहे," असं म्हणून ती चित्राकडे वळली.

चित्रात तीन काळे कुत्रे होते. एक दातेरी सापळा, त्यात अडकलेला लालभडक पाय. पायाची मालकीण आडवी पडलेली, चेहऱ्यावर दोन मोठी गोल वर्तुळं. आणि बाजूच्या बिळात दोन बारीक डोळे.

"कुठल्या तरी कार्टूनमधलं असणार," शिक्षिका म्हणाली. "हल्ली प्राण्यांची म्हणून कसली कसली भयंकर कार्टून येतात. राग मानू नका, पण घरी ती काय बघते यावर जरा लक्ष ठेवा."

भिंगरीच्या आईनं चित्राची घडी करून ते पर्समध्ये टाकलं. हे कार्टून कुठलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तर करत होती ती महिनाभर.

ती डबिंग करायची. परक्या भाषेतल्या चित्रांच्या तोंडी आपली भाषा घालायची. आजवर तिनं चेटकिणी केल्या, राण्या केल्या, एकदा तर बोलणारी किटली केली. या खेपेला होतं पाणमांजर. नदीकाठचं एक कुटुंब, रानटी कुत्र्यांची टोळी, आणि पिल्लाला वाचवताना मरणारी आई. पोस्टरवर गोंडस पिल्लू आणि खाली ठळक अक्षरात 'सगळ्या घरानं मिळून बघावा असा चित्रपट'. आत मात्र रक्तामांसाचा चिखल. पहिल्याच दिवशी तिनं स्टुडिओत सांगून टाकलं होतं, "कुणीही बघा, माझ्या पोरीला मी हे दाखवायची नाही. जनावरांची चित्रं काढली म्हणजे मुलांचं झालं का?"

आणि तिच्याच पोरीनं तो बघितला होता! कुठे बघितला? चित्रपट अजून कुठल्याच पडद्यावर लागला नव्हता. एक प्रत स्टुडिओत, एक तिच्या टॅबलेटमध्ये, सरावासाठी दिलेली. प्रत्येक दृश्यावर तिचं नाव आडवं छापलेलं. म्हणजे घरातलंच कुणीतरी. तिच्या मागं, तिच्याच वस्तूला हात लावून.

घरी येताना तिनं मनातल्या मनात सगळ्यांना एकेक करून उभं केलं. नवरा? तो संध्याकाळी घरी येतो तोच मुळी जांभया देत. शेजारीण? तिच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे खरा, पण तिला मुलांचा जाच वाटतो. राहता राहिले सासरे. भिंगरीला शाळेतून आणायचे ते, जेवू घालायचे ते, आई येईपर्यंत सांभाळायचे ते. दुपारभर घरात दोघंच. अन् हो, परवाच तर ते टॅबलेटचं झाकण पुसत होते. धूळ म्हणे! तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ती घरात शिरली तर भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली बसलेली. आईनं चपला काढल्या. पोरीनं आधी आईच्या डाव्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"काय गं, तिथं काय करतेस?"

भिंगरीनं मान हलवली. हातातलं अर्धं बिस्कीट तिनं फ्रॉकच्या खिशात सरकवलं.

"आजोबांनी तुला काही दाखवलं का? कुत्र्यांचं काही?"

कुत्रे म्हणताच पोरगी पांढरीफटक पडली आणि टेबलाखाली आणखी आत सरकली. झालं. भिंगरीच्या आईला एवढा पुरावा पुरला.

पण अंगावर धावून जाणारी बाई नव्हती ती. तिनं डाव टाकला. डोक्यावरचा एक लांब केस तोडून टॅबलेटच्या झाकणाच्या फटीत बसवला, अगदी गुप्तहेराच्या थाटात. कुणी उघडलं की केस पडणार. तिला स्वतःला आता टॅबलेट लागत नव्हता, बोलणं तोंडपाठ होतं; ती रोजच्यासारखी आतल्या खोलीत गेली आणि कपाटात शिरली.

कपाटात म्हणजे कपड्यांच्या कपाटात. हा डबिंगवाल्यांचा जुना उद्योग. खोलीत सराव करायचा तर भिंती घुमतात. कपाटात वर कोट, पायाशी रजया, आवाज कसा कोरडा ठणठणीत येतो. फोनवर मूळ आवाज लावून कानांवर हेडफोन चढवायचे, मांडीवर कागद घ्यायचे, आणि हवं तितकं रडा, किंचाळा, मरा. दार लावलं की ती आणि तिचं पाणमांजर, दुसरं कुणी नाही. महिनाभर ती रोज संध्याकाळी तासभर तिथं मरत होती. भिंगरीला एकच ताकीद होती: आई आत असली की त्या खोलीत यायचं नाही.

तीन दिवस गेले. केस जिथल्या तिथं. आणि तरी चौथ्या दिवशी दप्तरात नवं चित्र! तेच कुत्रे, तोच लाल पाय. आता काय म्हणायचं याला? म्हातारा केस उचलून परत ठेवत असणार. एवढा बेरकी असेल असं वाटलं नव्हतं तिला.

मग मात्र तिचा बांध फुटला.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही तिला माझ्या टॅबलेटवरचा पिक्चर दाखवलात की नाही?"

सासरे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मला तो डबा चालूसुद्धा करता येत नाही, सूनबाई."

"आजकाल सगळ्यांना सगळं येतं."

"आणि दाखवला असता तरी आभाळ कोसळलं असतं का? आम्हीही लहानपणी लांडग्यानं कोकरं फाडल्याच्या गोष्टी ऐकल्या. झोपलो की नाही नीट?"

"म्हणजे दाखवलात!"

म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. पुन्हा एक घडी केली. आवाज चढवला नाही, तेच तिला जास्त टोचलं. "माझ्यावर भरवसा नसेल तर उद्यापासून पोरीचं तुझं तू बघ. मी चार दिवस लेकीकडे जाऊन येतो." एवढं बोलून ते उठले आणि पलंगाखालची बॅग ओढायला लागले. दारात भिंगरी उभी होती. ती आईजवळ आली, खाली बसली आणि आईच्या डाव्या घोट्यावर औषधाची पट्टी चिकटवायला लागली. घोट्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"हे आणि काय नवीन?" आई वैतागली आणि तिनं पाय ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत शेवटचं काम होतं, आईच्या मरणाचं दृश्य. बोलणं आधीच झकास झालेलं, पण एका जागी पडद्यावरचे ओठ त्याच्याशी जुळत नव्हते, तेवढंच पुन्हा करायचं होतं. भिंगरीच्या आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं चार वेळा चुकवलं. तेव्हा काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं यंत्र थांबवलं आणि चहाचे दोन कप घेऊन आत आला. हा माणूस वीस वर्षं लोकांचे आवाज ऐकत आलेला. कुणाच्या पोटात काय चाललंय ते त्याला खोकल्यावरून कळायचं.

"काय झालं, ताई?"

तिनं सगळं भडाभडा सांगितलं. चित्रं, केस, सासरे, बॅग. रेकॉर्डिस्टनं शांतपणे ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "घरी सराव कुठं करता?"

"कपाटात. आपले सगळेच करतात. मुंगीलासुद्धा ऐकू जात नाही."

रेकॉर्डिस्टला हसूच आलं. "ताई, तुम्हीसुद्धा? कपड्यांनी घुमणं थांबतं, आवाज थांबत नाही. आत तुम्हाला शांत वाटतं, कारण तुमच्या कानांवर हेडफोन. बाहेर कोण काय ऐकतंय ते तुम्हाला कसं कळणार? अहो, कपाटाचं दार म्हणजे पुठ्ठा हो, पुठ्ठा!"

कप खाली ठेवून तिनं समोरचे कागद उचलले. महिनाभर तोंडपाठ असलेलं ते बोलणं ती आज पहिल्यांदाच वाचत होती.

'बाळा, नीट ऐक. माझा डावा पाय या सापळ्याच्या दातांत गेला. मी आता वाचत नाही. ते तिन्ही कुत्रे येतील. मी कितीही ओरडले तरी बिळातून बाहेर यायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. कुणी गोड बोललं तरी उत्तर द्यायचं नाही. मिळेल ते खाणं लपवून ठेव. आवाज केलास, तर ते आपल्या दोघींना मारतील.'

आणि हे सगळं आईच्या आवाजात, आईच्या रडण्यासकट, बंद दाराआडून. रोज.

तिनं पर्समधून चित्र काढलं. त्यातल्या आईला शेपूट नव्हतं; पोरांना शेपट्या काढायचा कंटाळा, असं म्हणून तिनं त्याकडे इतके दिवस लक्षच दिलं नव्हतं. पण ते पाणमांजर नव्हतंच. ती दोन मोठी वर्तुळं म्हणजे पाणमांजराचे डोळे नव्हते, तो चष्मा होता. तिच्या नाकावर होता तोच.

ती घरी कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. दाराशी सासरे, पायात बूट, हातात बॅग. "बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली, आणि तिथंच रडायला लागली. "तुमचं काही नाही. तिला मीच घाबरवलं. मी, रोज."

सगळं ऐकल्यावर म्हातारे बॅगेवरच टेकले. "माझं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी पोर कुठंय बघ."

पोर कपाटात होती. रजयांच्या मागं तिनं संसार मांडला होता: अर्धी अर्धी बिस्किटं, पाण्याची बाटली, औषधाच्या पट्ट्यांची अख्खी डबी. आईनं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि टॅबलेट उघडला. झाकणातला केस निसटून कुठंतरी पडला.

"सूनबाई," सासरे दारातून म्हणाले, "हे असलं तिला दाखवणार? काल मी बोललो ते रागात बोललो. आणखी घाबरेल ती."

"याच्यापेक्षा भयंकर ऐकून बसलीय ती, बाबा. एकटीनं ऐकलंय. बसा इथं, तुम्हीही बसा."

ते पलीकडून येऊन बसले. दृश्य सुरू झालं. नदी, गवत, सापळा. कुत्रे आले. भिंगरीची नखं आईच्या दंडात रुतली, आणि आई मनात म्हणत राहिली, चुकतंय का माझं? अजूनही थांबवावं का? पडद्यावर ते ओलं, तपकिरी जनावर तिच्याच आवाजात बाळा म्हणत होतं. भिंगरीनं पापणी लववली नाही. शेवटी पाणमांजर निपचित पडलं, पाण्यात लाल रंग पसरला, आणि सगळं शांत झालं.

"तिला शेपूट आहे," भिंगरी म्हणाली. इतकं हळू की आईला वाकावं लागलं.

"आहे ना."

"चष्मा नाही."

"नाही गं. चष्मा माझा. ती ती आहे, मी मी आहे. मी नुसती तिच्यासाठी बोलते."

भिंगरी मांडीवरून उतरली. आईचा डावा पाय तिनं दोन्ही हातांनी चाचपला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, वरून आणि मागून. पट्टी अजून तिथंच होती. मग तिनं पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि आईच्या कानाशी तोंड आणलं.

"मग आता आवाज केला तर चालेल?"

आवाजावरच जगणारी ती बाई, तिला साधं 'हो' म्हणायला आवाज फुटेना. शेवटी आजोबांनीच सांगितलं, "कर गं बाळा, हवा तेवढा कर," आणि ते बूट काढायला लागले.