रबुरूचा बैल

न्यान्देगाची साक्ष सोमवारी होती आणि शनिवारी त्याच्या आईची माती. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून तपास अधिकारी अवुओर किसुमू शहरातून आली होती. सरकारी रुग्णालयातलं इन्सुलिन बाहेरच्या दुकानांत जाताना पाहिलेला तो शेवटचा साक्षीदार होता. बाकीचे एकेक करून फुटले होते. आरोपी रबुरू, रुग्णालयाचा माजी प्रमुख, जामिनावर बाहेर होता. न्यान्देगाची आई मधुमेहानं गेली. रुग्णालयात इन्सुलिन नव्हतं.

मयतीला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, म्हणून अवुओर खुर्चीवर टेकते न टेकते तोच हातात मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचं ताट आलं. रस्सा दाट होता. तिनं मांसाचे दोन-तीन तुकडे खाल्ले आणि न्यान्देगाच्या चुलत्यानं कर्ण्यावरून आभार मानायला सुरुवात केली. मंडप रबुरूसाहेबांचा. शवपेटी रबुरूसाहेबांची. आज आपण खातोय तो बैलही त्यांचाच.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून रबुरू उठला, ओठांवरची चरबी रुमालानं टिपली आणि गेलेल्या बाईंच्या कष्टाळूपणावर बोलला. पाद्री मान डोलवत होते.

अवुओरनं ताट खाली ठेवलं. तिनं न्यान्देगाला घरामागे गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"बैल आला तेव्हा मी शवागारात होतो, मॅडम. काकांनी दावं हातात घेतलं. मयतीचा बैल परत हाकलत नाहीत."

बैल काकांनी घेतला, साक्ष तुझी आहे, असं ती समजावत होती. तेवढ्यात दातांत काडी फिरवत चुलता आला. त्यानं शांतपणे सांगितलं, ज्याचा बैल घरच्या मयतीला कापला त्याच्याविरुद्ध जो उभा राहतो, त्याच्या मातीला या गावातून कुणी येत नाही.

"त्या माणसानं तुझी आई मारली," अवुओर न्यान्देगाला म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्यानं नजर वर केली नाही.

"आणि बाई, तुम्हीही खाल्लंतच की," चुलता म्हणाला. "मांस शिजलं होतं ना नीट?"

ती कुंपणाशी जाऊन ओकली. दोन बायकांनी पाणी आणून दिलं. बाईंना दुःख सहन झालं नाही, असं त्या आपसांत बोलल्या.

सोमवारी न्यान्देगा न्यायालयात आला आणि काही आठवत नाही म्हणाला. साक्ष तिथंच संपली होती. तरीही रबुरूच्या वकिलानं ताट हातात धरलेल्या अवुओरचा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला आणि विचारलं, हीच का ती निःपक्षपाती तपास अधिकारी? मागच्या बाकांवर लोक हसले. त्यात तिच्याच कार्यालयातले दोघे होते.