भिंती पडल्यावर उरलेलं दार

“नुकसान झाल्याची शक्यता म्हणजे काय रे, बाबा?” माझी मालकीण बातमीदाराला विचारत होती. तो उंबऱ्याबाहेर, ती उंबऱ्याच्या आत, आणि मधे सताड उघडं मी.

मी या घराचं दार बोलतंय. घराचं म्हणायचं ती आपली जुनी सवय. आठवड्यापूर्वीच्या वादळात छप्पर उडालं, चारही भिंती बसल्या. माझ्या चौकटीचे पाय हातभर जमिनीत गाडलेले, म्हणून मी तेवढं उभं राहिलं.

मालकिणीचा नवरा सुतार. त्यानेच रंधा मारून मला घडवलं. तो गेल्यावर बिजागरीला तेल तिनंच घातलं. माझ्या आतल्या अंगावर मुलाची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. शेवटची कडीच्याही वर. पुढे तो नोकरीला लांब गेला आणि मला वाजवणारे हात कमी होत गेले.

आता तर कुणीच वाजवत नाही. विटा उचलणारे, ताडपत्री देणारे, सगळे मला वळसा घालून जातात. दाराला याहून मोठं एकटेपण नाही. मालकीण ताडपत्रीखाली झोपते, तरी संध्याकाळ झाली की मला कडी लावते. मीही इमानाने बंद राहतं.

भांडणाचं मूळ पेपरात होतं. ‘प्राथमिक माहितीनुसार एका घराचे अंशतः नुकसान झाल्याची शक्यता आहे.’ मुलाने तिकडे तेच वाचलं. फोनवर म्हणाला, आई, तू राईचा पर्वत करतेस, पुढच्या महिन्यात जमलं तर येतो. उभ्या जन्मात तिने त्याला ‘ये’ म्हणून एकदाच सांगितलं, आणि त्याने आईपेक्षा छापलेलं खरं मानलं. म्हणून तिने फोन करकरून बातमीदाराला बोलावून घेतलं होतं.

माणूस वाईट नव्हता. समोर तिचं शिलाई मशीन चिखलात आडवं पडलेलं त्याला दिसत होतं. तरी सांगत होता, आजी, वरून दुजोरा आल्याशिवाय आम्ही ‘पडलं’ लिहीत नाही; लिहिलं तरी साहेब कापतात.

पण एक सांगतं. येताना तो वळसा घालून आला नाही. दोन्ही बाजूंना मोकळं रान, तरी माझ्यासमोर थांबला, केस सारखे केले आणि मला तीनदा वाजवलं. माझं जुनं लाकूड शहारलं.

तेच तिलाही आठवलं असावं. आवाज खाली आणून ती म्हणाली, “दार वाजवलंस, शहाणा आहेस, आता आत ये, आणि आत येऊन कुठे पोचलास तेवढंच लिही.”