सैल झालेला करदोडा

मित्रांनो, मी एक जुना, विटलेला करदोडा आहे. साध्या काळ्या दोऱ्याचा. सिंदेवाहीच्या रुखमाबाईने मला मांडीवर वळले आणि तिचा मुखरू नागपूरला कॉलेजात निघाला त्या सकाळी त्याच्या कमरेला बांधले. करदोडा कमरेवरून कधी काढत नाहीत. उघडी कंबर फक्त मेलेल्या माणसाची, असे आमच्याकडे मानतात. म्हणून मी मोठ्या ऐटीत अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीत बसलो.

नागपुरात माझी ऐट उतरली. गावातून कॉलेजात जाणारा मुखरू पहिलाच. त्याचा बाप सोमाजी दिसेल त्याला सांगत सुटला होता, "माहा पोरगा वकील होऊन राह्यला!" ते आठवले की मुखरूच्या घशाखाली घास उतरत नसे. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या भैयाजीचे उलटेच. परीक्षेची धास्ती वाटली की तो चिवड्याचा डबा उघडायचा. त्याचा करदोडा बिचारा पोटात रुतून कण्हायचा आणि मी घसरत चाललो होतो. काळजी एकच, पण एकाला वाळवत होती, एकाला फुगवत होती. मला तोंड असते तर दोघांनाही चांगले दटावले असते!

दिवाळीत मुखरू घरी आला. तो विहिरीवर अंघोळ करत असताना मी सर्रकन घसरलो आणि थेट त्याच्या पायाशी पडलो. रुखमाबाईने किंकाळीच फोडली.

"अवो, पोराची कंबर उघडी पडली!" असे म्हणत ती मला उचलून गाठ मारू लागली.

सोमाजी धावत आला. "गाठ मारून काय होते? पोरगा हाडकला, ते पाह्य. काऊन रे, जेवत नाई?"

मुखरूला रडू फुटले. "बा, मी नापास झालो तर तू गावाले काय सांगशीन?"

सोमाजी पोराजवळ येऊन बसला. आपल्या बढाईचे ओझे पोराच्या डोक्यावर आहे, हे त्याला तेव्हा कळले.

"सांगीन, पुन्हा परीक्षेले बसते म्हणून. त्यात काय लाजाचं? वकील नाई झाला तरी तू माहाच पोरगा ना!"

रुखमाबाईने डोळे पुसले, जास्तीचा दोरा दुमडला आणि मला बांधले. "निरगाठ नाई मारली, सुरगाठ मारली. खाल्लेलं अंगी लागलं का दुमडलेला दोरा तूच सोडजो."

त्या दुपारी मुखरूने लाखोळीच्या डाळीच्या वरणाबरोबर भात पुन्हा मागून घेतला. आपलीच नजर लागेल म्हणून माय तोंड फिरवून वाढत होती. मला फार फार बरे वाटले.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच. ताटावर बसलेल्याला निकाल विचारू नका. काळजीने कोणी वाळला किंवा फुगला तर त्याला हसू नका, जवळ बसून बोलते करा.

परीक्षेच्या आधी, नागपूरच्या त्या खोलीत, मुखरूने माझी सुरगाठ ओढून दुमडलेला दोरा सैल सोडला आणि पोटावर हात फिरवून तो स्वतःशीच हसला. परीक्षा आणि निकाल दोन्ही अजून पुढेच होते.